आई-वडिलांच्या साध्या फोनला कोणता रिचार्ज परवडतो?

मुलगा पुण्यात नोकरीला, आई-वडील माळशिरस तालुक्यातल्या वस्तीवर. दर चार आठवड्यांनी मुलगा आपल्या मोबाइलवरून घरच्या नंबरचा रिचार्ज मारतो. वडिलांचा फोन बटणाचा. दिवसातून दोन-चार कॉल, बँकेचे मेसेज, कारखान्यावर ऊस गेला की वजनाचा मेसेज, एवढाच त्याचा वापर. तरीही पॅकमध्ये दोन जीबी इंटरनेट असते. ते कुणी वापरत नाही, पण त्याचे पैसे जातात.

असा फोन आज अनेक घरांत आहे. त्याच्यासाठी कोणता पॅक खरोखर स्वस्त, हे कसे ओळखायचे ते समजून घेऊ.

एका वर्षात तेरा महिने

सुरुवात २८ दिवसांच्या पॅकपासून करू. महिना ३० किंवा ३१ दिवसांचा, पॅक मात्र २८ दिवसांचा. त्यामुळे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४ दिवस. १९९ रुपयांचा पॅक 'महिन्याला दोनशे' वाटतो, पण वर्षाचा खर्च २,५८७ रुपये होतो.

याच तक्रारीवरून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने किमान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठरावीक तारखेला संपणारा ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. हे पॅक मिळतात, पण ते आपणहून मागावे लागतात.

फक्त बोलण्याचा पॅक आला कुठून?

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. एअरटेल आणि व्हीआयचा २८ दिवस, २ जीबीचा १७९ रुपयांचा पॅक १९९ वर गेला. जिओचा १५५ चा पॅक १८९ झाला. इंटरनेट न वापरणाऱ्यालाही ही वाढ भरावी लागली, कारण कॉल आणि डेटा एकाच पॅकमध्ये बांधलेले होते.

२०२४ मध्ये देशात सुमारे १५ कोटी ग्राहक टू-जी साधे फोन वापरत होते. त्यांचा विचार करून ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलले. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएस देणारा किमान एक विशेष पॅक ठेवणे बंधनकारक झाले. अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये हे पॅक बाजारात आले.

हिशोब दिवसाचा करा

पॅकची तुलना करण्याची रीत सोपी आहे. पॅकच्या किमतीला दिवसांनी भागा. येणारा आकडा म्हणजे नंबर चालू ठेवण्याचे एका दिवसाचे भाडे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे २ जीबी पॅक आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेले फक्त कॉल-एसएमएसचे पॅक यांच्या दरांवरून हा हिशोब असा निघतो :

• एअरटेल, व्हीआय : १९९ रुपये, २८ दिवस, २ जीबी – रोज ७ रुपये ११ पैसे
• जिओ : १८९ रुपये, २८ दिवस, २ जीबी – रोज ६ रुपये ७५ पैसे
• जिओ : ४४८ रुपये, ८४ दिवस, डेटा नाही – रोज ५ रुपये ३३ पैसे
• एअरटेल : ४६९ रुपये, ८४ दिवस, डेटा नाही – रोज ५ रुपये ५८ पैसे
• जिओ : १,७४८ रुपये, ३३६ दिवस, डेटा नाही – रोज ५ रुपये २० पैसे
• एअरटेल, व्हीआय : १,८४९ रुपये, ३६५ दिवस, डेटा नाही – रोज ५ रुपये ७ पैसे
• बीएसएनएल : ४३९ रुपये, ९० दिवस, डेटा नाही – रोज ४ रुपये ८८ पैसे

१९९ चा पॅक वर्षभर मारण्याऐवजी १,८४९ चा एकदाच मारला, तर वर्षाला ७३८ रुपये वाचतात. घरात असे दोन फोन असतील तर जवळपास दीड हजार.

कंपन्या दर आणि मुदत वरचेवर बदलतात. म्हणून वरचे आकडे पाठ करू नका, भागाकार लक्षात ठेवा. रिचार्जच्या दिवशीचा दर कंपनीच्या ॲपवर किंवा ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर पाहा आणि त्याला दिवसांनी भागा.

किंमत उतरली की दिवस उतरले?

या भागाकाराने काय कळते, त्याचे एक उदाहरण पाहा. जिओने हा वर्षाचा पॅक आधी १,९५८ रुपयांना आणला होता, मुदत ३६५ दिवस. काही दिवसांतच तो १,७४८ रुपये झाला. २१० रुपयांची कपात मोठी वाटते, पण मुदतही ३३६ दिवसांवर आली. रोजचा खर्च ५ रुपये ३६ पैशांवरून ५ रुपये २० पैसे झाला, म्हणजे फरक दिवसाला फक्त १६ पैशांचा.

कमी किमतीच्या छोट्या पॅकचेही तसेच. बीएसएनएलने तेव्हा ९९ रुपयांत १७ दिवस कॉल देणारा पॅक दिला होता. शंभराच्या आत म्हणून तो स्वस्त वाटतो, पण रोजचे ५ रुपये ८२ पैसे पडतात. शिवाय दिवस मोजावे लागतात. २०२५ मध्ये माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान १९ जूनला झाले आणि आषाढी एकादशी ६ जुलैला होती. प्रस्थानाच्या दिवशी मारलेला १७ दिवसांचा कुठलाही पॅक ५ जुलैला संपला असता. नातेपुते, माळशिरस, वेळापूर पार करून पंढरपुरात पोचलेल्या वारकऱ्याचा फोन ऐन एकादशीला, सगळ्यात मोठ्या गर्दीत, बंद पडला असता.

नंबर गेला तर काय जाते?

कमी वापराच्या फोनवर कॉल कमी येतात, पण ओटीपी त्याच नंबरवर येतात. बँक खाते, आधार, पीएम किसान, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, सगळ्यांना आधारला जोडलेला नंबर चालू लागतो. म्हणून रिचार्ज लांबवून पैसे वाचवणे महागात पडू शकते.

नियम असा आहे : सलग ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच वापर झाला नाही, तरच वापराअभावी नंबर बंद करता येतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर तेव्हाही मुदतवाढ मिळते. पण ही तरतूद नंबर वाचवण्यासाठी आहे. पॅक संपल्यावर कॉल आणि ओटीपी येत राहतील, अशी हमी त्यात नाही.

बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, असे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. त्यानंतर तुमच्या बँकेचा मेसेज अनोळखी माणसाच्या हातात पडू शकतो. नंबर सोडायचाच असेल, तर आधी बँकेत आणि आधार केंद्रावर नवा नंबर नोंदवा.

कुणी कोणता घ्यावा?

फोन साधा असेल आणि घरात कुणी त्यावर इंटरनेट वापरत नसेल, तर फक्त कॉल-एसएमएसचा मोठ्या मुदतीचा पॅक फायद्याचा. उसाचे बिल जमा झाले की वर्षाचा रिचार्ज करून टाकला, तर पुढे तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

एकदम दोन हजार काढणे जड जात असेल, तर ८४ किंवा ९० दिवसांचा पॅक घ्या. रोजचा खर्च थोडाच वाढतो.

फोन स्मार्ट असेल आणि नातवंडांशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल होत असतील, तर डेटा नसलेला पॅक घेऊ नका. वाय-फाय नसेल तर त्या पॅकवर व्हॉट्सॲपही चालणार नाही आणि यूपीआय ॲपही. गरज पडली तर वरून डेटा व्हाउचर घेता येईल का, हे रिचार्ज करण्यापूर्वीच विचारून घ्या.

वर्षाचा पॅक घेण्यापूर्वी रेंज बघा

स्वस्त पॅक वस्तीवर रेंज नसेल तर उपयोगाचा नाही. गावच्या चौकात रेंज येते म्हणून विहिरीवर येईलच असे नाही. शेजाऱ्याचे त्या कंपनीचे सिम असलेला फोन घेऊन घरात, गोठ्यात, शेतात एकदा कॉल लावून पाहा.

कंपनी बदलायची असेल, तर इंग्रजीत पोर्ट शब्द, मोकळी जागा आणि आपला दहा अंकी नंबर असा मेसेज १९०० वर पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. आधारकार्ड आणि कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. त्यासाठी सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत. एक गोष्ट विसरू नका : जुना बॅलन्स आणि पॅकचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत. वर्षाचा पॅक मारून दोन महिन्यांनी पोर्ट केले, तर उरलेले पैसे गेले. म्हणून आधी रेंज तपासा, जुना पॅक संपत आला की पोर्ट करा आणि मगच मोठ्या मुदतीचा पॅक घ्या.

दुकानात गेल्यावर 'दोनशेचा मारा' असे न म्हणता विचारा : 'फक्त बोलायचा पॅक कोणता आहे, आणि किती दिवसांचा?' ट्रायच्या नियमामुळे असा पॅक प्रत्येक कंपनीकडे असलाच पाहिजे.