डाऊनीची १४३वी जागा

फळछाटणीनंतर पाऊस लांबला की तासगावहून दादाचा फोन ठरलेला. "अगं, दोनदा फवारलं तरी डाऊनी हटंना. औषधच बोगस निघालं काय?" मी साताऱ्यात जैवतंत्रज्ञान शिकवते. औषध दर वेळी बोगस नसतं. बऱ्याचदा डाऊनी हा द्राक्षांचा रोगच बदललेला असतो, आणि नेमका कुठे बदलला ते कॉलेजच्या साध्या संगणकावर बघता येतं.

अझॉक्सिस्ट्रोबिनसारखी औषधं रोगाच्या पेशीतल्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला चिकटतात आणि पेशीची ऊर्जा तोडतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या माळेत १४३व्या जागी ग्लायसिन असतं. डीएनएतलं एकच अक्षर बदललं की तिथे ॲलानिन येतं. ते किंचितच मोठं, पण तेवढ्यानं औषधाला बसायला जागा उरत नाही. प्रथिनाचं काम मात्र चालूच राहतं. मग त्याच गटाची फवारणी पुन्हा झाली की साधी डाऊनी मरते आणि ही बदललेली मोकळ्या बागेत पसरते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये महाराष्ट्रातल्या बागांतून या गटाला दाद न देणारी डाऊनी नोंदवली. युरोपातल्या बागांतही बदल याच जागी सापडला होता. वारंवार बदलणाऱ्या अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात.

ती शोधायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. अडतं ते ती बसवताना. बायोकोंडा हे त्यांचं मोठं भांडार विंडोजवर थेट चालत नाही, आणि आमच्या लॅबमध्ये सगळीकडे विंडोजच. म्हणून विंडोजच्या आतच उबुंटू हे लिनक्स बसवायचं. त्याआधी बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे ना, ते बघायचं. जुन्या मशिनवर ते अनेकदा बंद असतं. मग मिनिफोर्ज टाकून बायोकोंडा जोडायचं. इथे क्रम पाळायचाच: कोंडा-फोर्ज हे दुसरं भांडार वर, बायोकोंडा खाली. उलटं झालं तर पॅकेजच्या आवृत्त्या एकमेकींशी भांडतात. प्रत्येक कामाला वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, हे मी मुलांना बजावून सांगते. एकाला लागणारं पायथॉन दुसऱ्याला चालत नाही.

पुढचं काम सोपं आणि सुंदर. सार्वजनिक साठ्यातून डाऊनीच्या सायटोक्रोम बीचे अमिनो आम्लांचे क्रम उतरवायचे, ते माफ्ट या सॉफ्टवेअरला द्यायचे. माफ्ट त्यांना जागेला जागा जुळवून एकाखाली एक मांडतं. मग एकेक उभा रकाना वाचायचा. बहुतेक रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच अक्षर. १४३व्यात मात्र कुठे 'जी' म्हणजे ग्लायसिन, कुठे 'ए' म्हणजे ॲलानिन. क्रमाचा अर्धाच तुकडा असेल तर आकडा सरकतो, म्हणून एक पूर्ण क्रम संदर्भाला ठेवावाच लागतो. आणि साठ्यात 'ए' जास्त दिसले म्हणून बागेतही तेवढेच असतील असं नाही. औषध फसलेल्या बागेतलीच पानं लोक तपासायला पाठवतात. तासगावच्या बागेचं उत्तर तासगावच्या पानांतूनच मिळेल, आणि ती तपासणी आपल्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांत व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दादाला मी आता औषधाचं नाव विचारत नाही, गट विचारते. डायमेथोमॉर्फ सोडून मॅन्डीप्रोपामिड घेतलं तरी दोन्ही एकाच गटातली. दोन्ही ज्यावर मारा करतात त्या डाऊनीच्या सेल्युलोज बनवणाऱ्या प्रथिनात ११०५व्या जागी ग्लायसिन जाऊन सेरीन आलं, तर दोन्हींचे पैसे पाण्यात. यंदा मुलांना तीच जागा शोधायला दिली आहे.