खोट्या इशाऱ्यांच्या गर्दीत खरा बिघाड

रीडिंग, ब्रॅकनेल, मेडनहेड आणि न्यूबरी या पट्ट्यात दूरसंचार व संगणक क्षेत्रातील अनेक कंपन्या आहेत आणि आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचा चरितार्थ त्यांवर चालतो. ज्यांच्या घरी कोणी नेटवर्कच्या देखरेखीचे काम करते, त्यांना रात्री दोन वाजता वाजणाऱ्या फोनची ओळख करून देण्याची गरज नाही. फोन वाजतो, शेजारी झोपलेले मूल दचकून उठते, लॅपटॉप उघडला जातो आणि पाच मिनिटांत तो इशारा आपोआप विझतो. बिघाड झालेलाच नसतो. अशा दहा रात्रींनंतर अकराव्या रात्री माणूस फोनकडे पाहतो खरा, पण त्यावर विश्वास ठेवत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. या व्यवसायात मात्र ती ओरड करणारे यंत्र असते आणि त्याचे ऐकून थकलेला गावकरी म्हणजे पाळीवरचा अभियंता. म्हणून खोटे इशारे कमी करण्याचा प्रश्न आम्हांस केवळ सोयीचा वाटत नाही. खऱ्या इशाऱ्याची पत राखण्याचा हा प्रश्न आहे.

इशारे इतके का वाजतात?

बहुतेक देखरेख-प्रणाली आजही एका जुन्या कल्पनेवर चालतात. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये अमेरिकेत कारखान्यातील मालाच्या तपासणीसाठी नियंत्रण-आलेख मांडला. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे माप गेले, की काहीतरी बिनसले असे समजावयाचे. मापे घंटेच्या आकाराच्या आलेखाप्रमाणे विखुरलेली असतील, तर सर्व सुरळीत असतानाही सुमारे 0.27 टक्के मापे ही मर्यादा ओलांडतात. दिवसाकाठी मोजकी मापे घेणाऱ्या कारखान्यात हे चालून जाते. नेटवर्कमध्ये एकच माप दर मिनिटाला घेतले, तर दिवसाला 1,440 नोंदी होतात आणि त्यांतून सुमारे चार खोटे इशारे निघतात. अशी हजार मापे असतील, तर दिवसाला जवळजवळ 3,900. शिवाय नेटवर्कवरील वाहतूक त्या आलेखाइतकी शिस्तशीर कधीच नसते. सोमवारी सकाळी ती उसळते, रात्री बॅकअपच्या वेळी पुन्हा चढते.

अचूकतेचा फसवा आकडा

हाच प्रश्न हवामानशास्त्रज्ञांपुढे आपल्या कितीतरी आधी उभा राहिला. त्या शास्त्राचे एक मोठे केंद्र, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचे युरोपीय केंद्र, आपल्याच गावात शिनफील्ड पार्क येथे अनेक दशके काम करीत आले आहे. हवामानाचा अंदाज शिकणाऱ्यास एक जुने उदाहरण हमखास भेटते. जॉन फिन्ली यांनी 1884 मध्ये अमेरिकेतील चक्रीवातांविषयी 2,803 अंदाज वर्तविले. त्यांतील 100 वेळा त्यांनी ‘चक्रीवात येईल’ असे म्हटले. 28 वेळा ते खरे ठरले, 72 वेळा खोटे, आणि 23 चक्रीवात इशाऱ्यावाचून येऊन गेले. एकूण अचूकता भरली 96.6 टक्के. त्यावर ग्रोव्ह गिल्बर्ट यांनी दाखवून दिले, की ‘चक्रीवात कधीच येणार नाही’ असे डोळे मिटून म्हणणाऱ्याची अचूकता 98.2 टक्के भरली असती!

दुर्मीळ घटनांच्या बाबतीत एकूण अचूकता काहीच सांगत नाही, हा यातील धडा. ‘आमची प्रणाली 99 टक्के अचूक आहे’ असे विक्रेत्याने सांगितल्यास दोनच प्रश्न विचारावेत. वाजलेल्या इशाऱ्यांपैकी खरे किती? आणि झालेल्या बिघाडांपैकी इशारा मिळाला किती वेळा?

उपाय आणि त्यांची किंमत

पहिला उपाय खातरजमेचा. पिंगला एकदा उत्तर आले नाही, म्हणजे राउटर बंद पडला असे होत नाही. कामाचा ताण असताना अनेक राउटर अशा विचारणांना उत्तर देणे मागे ठेवतात. म्हणून सलग तीन तपासण्या फसल्यावरच इशारा द्यावा. तसेच इशारा 90 टक्के भाराला सुरू होत असेल, तर तो 75 टक्क्यांखाली आल्यावरच विझावा. एरवी सीमारेषेवर हेलकावणारे माप रात्रभर घंटा वाजवीत राहते.

दुसरा उपाय कार्यकारणाचा. एक मुख्य राउटर बंद पडला, की त्यामागची दोनशे उपकरणे एकदम ‘बेपत्ता’ होतात. कोणते उपकरण कोणावर अवलंबून आहे हा नकाशा प्रणालीजवळ असेल, तर दोनशे एक इशाऱ्यांऐवजी एकच इशारा येतो.

तिसरा उपाय संदर्भाचा. आजच्या सोमवारची तुलना मागील सोमवारच्या त्याच तासाशी करावी, आणि पूर्वनियोजित दुरुस्तीच्या काळात त्या उपकरणांचे इशारे थांबवावेत.

चौथा उपाय आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वापरणाऱ्यांची सेवा बिघडत असेल आणि माणसाने लगेच काही करण्याजोगे असेल, तरच त्याला झोपेतून उठवावे. बाकीचे सकाळच्या यादीत जावे.

यांतील प्रत्येक उपायाची किंमत असते. दर मिनिटाला एक याप्रमाणे तीन तपासण्यांची वाट पाहिली, तर खरा बिघाडही दोन मिनिटे उशिरा कळतो. दुरुस्तीनंतर थांबविलेले इशारे पुन्हा सुरू करण्यास कोणी विसरले, तर ते उपकरण देखरेखीबाहेरच राहते.

शांतता म्हणजे आरोग्य नव्हे

इशारे गप्प करणे हेच ध्येय मानले, तर काय होऊ शकते याची जाणीव या देशातील एका घटनेने होते. रविवार, 25 जून 2023 रोजी बीटी कंपनी चालवीत असलेल्या 999 या आपत्कालीन सेवेत बिघाड झाला. सर्व्हरवरील एका फाइलमध्ये चूक होती. कॉल घेताच कर्मचाऱ्याची प्रणाली पुन्हा सुरू होऊ लागली आणि कॉल तुटू लागले. पर्यायी यंत्रणेकडे वळण्याचा पहिला प्रयत्न फसला, कारण त्याच्या सूचना नीट लिहिलेल्या नव्हत्या. सुमारे साडेदहा तासांच्या त्या काळात 12,392 जणांचे जवळजवळ 14,000 कॉल लागले नाहीत. जुलै 2024 मध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने बीटीला 1.75 कोटी पौंडांचा दंड केला. अशा प्रसंगी पुरेशी इशारा-यंत्रणा नव्हती आणि बिघाडाचे गांभीर्य व कारण त्वरेने जोखण्याची पद्धतही नव्हती, असे तिने नमूद केले. त्या दिवशी उणीव होती ती नेमक्या इशाऱ्याची आणि तो मिळाल्यावर काय करावे हे सांगणाऱ्या स्पष्ट कागदाची.

हिशेब कोणी ठेवायचा?

प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर नवा इशारा जोडला जातो. जुना काढून टाकण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते, कारण काढलेल्या इशाऱ्यामुळे उद्या काही चुकले तर बोल आपल्यावर येईल ही भीती असते. म्हणून हा निर्णय एकट्यादुकट्यावर न सोडता संघाने घ्यावा. महिन्यातून एकदा फिन्लीसारखाच तक्ता मांडावा: खरे इशारे किती, खोटे किती, निसटलेले बिघाड किती. प्रत्येक इशाऱ्यास नाव असलेला मालक असावा आणि त्यासोबत काय करावे याची एक ओळ असावी. जी ओळ लिहिता येत नाही, तो इशारा रात्री वाजू नये. आणि या बैठकीत रात्रपाळी करणाऱ्यांचा शब्द व्यवस्थापकाच्या शब्दाइतकाच मोलाचा मानला जावा, कारण खोट्या इशाऱ्याची किंमत तेच आपल्या झोपेने मोजतात.

आपल्या घरांतील जी मुले-मुली आता या क्षेत्रात येत आहेत, त्यांनी नवनवी साधने अवश्य शिकावीत. पण त्याआधी वरील दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी आणि उत्तर आकड्यांत मागावे.