झाकली मूठ आणि उघडी वही

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. घरची अब्रू राखायची असेल तर ही म्हण ठीक आहे. पण जी मूठ शेकडो लोकांच्या पैशाने भरलेली आहे ती झाकलेली राहिली, तर आत सव्वा लाख आहेत की वाळू आहे, हे कोणी सांगावे?

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यातला कामगार अचानक वारला. त्याची पत्नी पिशवीभर पगारचिठ्ठ्या घेऊन संघाच्या कचेरीत आली. प्रत्येक चिठ्ठीवर भविष्यनिर्वाह निधीची कपात नेमाने लिहिलेली होती. निधीच्या कचेरीत खाते पाहिले, तेव्हा शेवटच्या एकोणीस महिन्यांचा एक पैसाही जमा नव्हता. आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो. ते म्हणाले, "हिशेब ही कंपनीची अंतर्गत बाब आहे." पैसे अखेर वसूल झाले, पण त्याला चौदा महिने लागले. तोवर त्या बाईंचा थोरला मुलगा शाळा सोडून हॉटेलात लागला होता.

यात चोरीपेक्षाही विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. दोनशे कामगारांना एकोणीस महिने काही कळले नाही! कारण कपातीचा कागद कामगाराच्या हाती आणि भरण्याचा कागद मालकाच्या कपाटात. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहणारे कोणी नव्हते. गैरव्यवहाराला नेहमीच मोठी अक्कल लागते असे नाही. पुष्कळदा एक कुलूप पुरते.

आम्ही जेमतेम सातवी शिकलेले. ताळेबंद वाचायला एका निवृत्त हिशेबनिसांकडे रात्री बसून शिकलो. म्हणून "तुम्हाला ते समजणार नाही" हे उत्तर आम्हांस चांगले परिचयाचे आहे. त्याचा भाऊ म्हणजे "हे गोपनीय आहे". सरकारी कचेऱ्यांना हा शब्द इंग्रजांनी शिकवला. 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा त्यांचा. राज्य गेले, सवय राहिली.

ही सवय मोडण्याची सुरुवात विद्वानांच्या परिषदेत झाली नाही. राजस्थानातल्या खेड्यांत दुष्काळी कामांवरच्या मजुरांना पुरी मजुरी मिळेना, तेव्हा मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्या भरवल्या. हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचून दाखवले. मेलेल्यांची नावे हजेरीवर निघाली, न बांधलेल्या कामांची बिले निघाली. 1996 साली ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले. आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा आला, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा लागू झाला. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, न मिळाल्यास अपील. आणि 1923 च्या कायद्याशी विरोध आला, तर वरचढ हा नवा कायदा, असे त्यातच लिहिले आहे.

कोणी म्हणेल, हे सरकारपुरते झाले. खाजगी कारखान्याचे काय? कारखान्याला थेट अर्ज करता येत नाही, हे खरे. पण खाजगी संस्थेची जी माहिती सरकारी कचेरी कायद्याने मागवू शकते, ती त्या कचेरीकडून नागरिकालाही मागता येते. म्हणून दार ठोठवायचे ते निधीच्या कचेरीचे: अमुक कारखान्याने कोणत्या महिन्याचे किती पैसे कोणत्या तारखेस भरले? कंपनीचा वार्षिक ताळेबंदही निबंधकाकडे दाखल असतो. फी भरून तो कोणालाही पाहता येतो. आणि 2014 पासून निधीच्या सभासदास कायमचा क्रमांक मिळतो. त्यावरून आपले खाते मोबाइलवर पाहता येते. त्या बाईंच्या पतीजवळ हे साधन असते, तर लबाडी दुसऱ्याच महिन्यात उघडी पडली असती.

तरी हक्क कागदावर असून भागत नाही. माहिती आयोगांकडे अपिले तुंबतात, जागा रिकाम्या राहतात, आणि 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने खाजगी माहितीच्या नावाखालचा अपवाद अधिक रुंद केला. कुलूप काढले, तरी दार आपोआप उघडत नाही.

आता आमच्याच अंगणातले सांगतो. पैसे वसूल झाल्यावर त्या बाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, "भाऊ, मालकाची वही तुम्ही उघडलीत. पण हे तुमच्या संघाला बारा वर्षं वर्गणी देत होते, तिचा हिशेब कुठं लावलाय?" आम्ही गप्प झालो. सभासदाला संघाच्या वह्या पाहण्याचा हक्क 1926 च्या कायद्यानेच दिलेला होता, आणि आमच्या वह्या खजिनदाराच्या घरी ट्रंकेत होत्या. कोणी खाल्ले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते. पुढच्या महिन्यापासून जमाखर्च कचेरीच्या भिंतीवर लागू लागला. पहिल्याच वाचनात एका सभासदाने चाळीस रुपयांची चूक काढली. आम्हांस लाज वाटली आणि बरेही वाटले.

श्रोतेहो, आपणही कोणत्या ना कोणत्या पतपेढीचे, गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहात. सहकारी संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद संस्थेच्या कचेरीत विनामूल्य पाहण्याचा हक्क 1960 च्या कायद्याने सभासदाला दिला आहे. येत्या आठवड्यात एकदा तो मागून पाहा. चिटणीस रागावले, तर समजा, मागायला उशीर झाला आहे. त्यांनी खुर्ची देऊन वही पुढे ठेवली, तर ती वाचा मात्र अवश्य. कारण न वाचलेली उघडी वहीही झाकल्या मुठीसारखीच.