जिन्यावरून नेता येईल असा डबल बेस

म्हैसूरच्या विजयनगरात डबल बेस घ्यायचा ठरवलात, तर सुराच्या आधी जिना मोजावा लागतो. वाद्य साधारण सहा फुटांचं, वजन दहा किलोच्या आसपास, आणि पोट असं की बाहेरून वळसा घेत चढणाऱ्या अरुंद जिन्यावर दोन माणसं वाद्य धरून आणि तिसरं नुसतं ओरडायला, असा सरंजाम लागतो. हुणसूर रस्त्याच्या बाजूला, हिनकलला लागून, एकेका स्टेजने वाढत गेलेल्या या वसाहतीत वरचा मजला बहुधा भाड्याने दिलेला. म्हणजे वाद्य भाडेकरूच्या खोलीत आणि त्याच्या सगळ्यात खालच्या तारेचा 'ई' सूर घरमालकाच्या छतावर. त्या 'ई'ची कंपनसंख्या सेकंदाला जेमतेम ४१. हा सूर कानाला कमी आणि फरशीला जास्त लागतो.

जॅझमध्ये या वाद्याचं काम काय, हे नवख्याला ऐकून सहसा कळत नाही. ते वाजायचं थांबलं की लगेच कळतं. ट्रम्पेट आणि पियानो तसेच वाजत असतात, पण सगळं अधांतरी वाटू लागतं. बेसवाला प्रत्येक ठोक्याला एक सूर देत चालतो, म्हणून त्या वाजवण्याला 'वॉकिंग' म्हणतात. काउंट बेसीच्या बँडमधल्या वॉल्टर पेजने हे चालणं पक्कं केलं. आपल्याकडच्या मैफिलीच्या भाषेत सांगायचं तर ठेका आणि तानपुरा ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली आहेत, आणि त्यात हा तानपुरा दर मात्रेला जागा बदलतो. पुढच्या दोन मात्रांत कुठला कॉर्ड येणार हे त्याला आधीच ठाऊक असावं लागतं, कारण बाकीचे त्याच्याकडूनच ते ऐकणार असतात.

म्हैसूर आणि पाश्चात्त्य संगीत यांचं नातं जुनं आहे, पण ते जॅझचं नव्हे. शेवटचे महाराज जयचामराज वडियार पियानो शिकलेले होते. कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायची त्यांची इच्छा होती, गादीवर बसावं लागल्याने ती राहून गेली. १९४८ साली लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष झाले, आणि फिलहार्मोनिया वाद्यवृंदाला स्थिर करायला तीन वर्षं दरवर्षी दहा हजार पौंड त्यांनी दिले. निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रचना ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणूनही पैसा म्हैसूरहूनच गेला. रिखार्ड स्ट्राउसच्या अखेरच्या चार गीतांचा पहिला प्रयोग २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, त्याच्या खर्चाची हमीही महाराजांचीच. या शहराने सिम्फनीतल्या बेसच्या रांगेला अशी मदत केली. क्लबातल्या एकट्या बेसवाल्याशी मात्र त्याची गाठ पडली नाही.

ती गाठ मुंबईत पडली. १९३५ साली लिऑन अॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला आणि शहराच्या बॉलरूममध्ये अस्सल जॅझ घुमू लागला. त्याच्यामागे क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. ऐकणारे साहेब आणि पारशी शेठ होते, शिकणारे गोव्याचे. गोव्यातल्या पॅरिश शाळांनी गावागावांतल्या मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे मुंबईत पाय ठेवल्यावर त्यांना फक्त नवा ठेका शिकायचा होता. मिकी कोरिया १९३९ पासून वीसेक वर्षं ताजमध्ये बँड चालवत होते. आल्दोनाचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' म्हणून ट्रम्पेटचे बादशहा झाले. १९४९च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांची संध्याकाळ फिकी पडली, आणि ही मंडळी दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत बसू लागली.

तिथे त्यांना एक मराठी माणूस भेटला. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. १९५१च्या 'अलबेला'त चिक चॉकलेटचा ट्रम्पेट नुसता ऐकू येत नाही, ते स्वतः बँडसह पडद्यावर दिसतातही. या गाण्यांच्या तळाशी काय चाललंय ते एकदा मुद्दाम ऐका. नौशाद, शंकर-जयकिशन, सी. रामचंद्र या सगळ्यांच्या वाद्यवृंदात डबल बेस होता. कधी गजाने लांबवलेला, कधी बोटाने छेडलेला. त्या काळात मोजक्याच माइकवर सगळं एकदम मुद्रित व्हायचं, म्हणून कोण माइकच्या किती जवळ उभा राहील यावरच आवाजाचा समतोल ठरे. बेसचा आवाज आजच्यासारखा नॉब फिरवून वाढवता येत नव्हता. तो वाजवणाऱ्याच्या बोटातूनच यावा लागे.

मग अमेरिकेतून बेस गिटार आली. लिओ फेंडरने १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला होता. त्याला पडदे होते, तो खांद्याला अडकवता येत होता, आणि वायर जोडली की आवाज हवा तेवढा. मुंबईच्या स्टुडिओत साठच्या दशकाअखेर चित्र पालटलं. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस गिटार कणा झाली, आणि डबल बेस व्हायोलिनच्या ताफ्यात, गजासकट मागच्या रांगेत गेला. याला 'अभिरुची घसरली' म्हणून गळा काढणारे आहेत. मला ते पटत नाही. बेस गिटारने त्या गाण्यांना जो उसळता तळ दिला, तो लाकडी पोटातून निघालाच नसता. पण त्या अदलाबदलीत एक कसब मुंबईतून जवळपास गेलं, आणि आज एखाद्या तरुणाला ते हवं असेल तर वाद्याच्या निवडीपासून सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

तर निवडीकडे. पहिली गोष्ट, मापाची. बाजारात 'थ्री-फोर्थ' म्हणून मिळतो तोच जगभरचा रोजचा डबल बेस आहे. नावावरून लहान मुलांचं वाद्य समजू नका. घोडीपासून वरच्या नटपर्यंत तारेची लांबी साधारण १०५ सेंटिमीटर असते. 'फुल साइज' हा ऑर्केस्ट्रातल्या धिप्पाडांचा. विजयनगरातल्या जिन्याचा तर मुळीच नव्हे.

दुसरी गोष्ट लाकडाची, आणि इथे माझं मत ठाम आहे: पहिला बेस प्लायवुडचा घ्या. दुकानदार आणि जाणकार दोघेही 'कोरीव' बेसकडे ढकलतील. स्प्रूसची कोरलेली छाती, मेपलची पाठ, आवाज खोल, किंमत त्याहून खोल. कोरीव लाकूड सुरेख वाजतं हे खरंच. पण ते श्वास घेतं. म्हैसूर मुंबईपेक्षा मवाळ, उंचीवर वसलेलं, पाऊसही निम्म्याहून कमी. तरी फेब्रुवारी-मार्चचा कोरडा वारा आणि जूननंतरची ओल यांत जो फरक पडतो, तेवढ्यानेही कोरीव छातीला भेग जाऊ शकते. आणि भेग बुजवणारा हात जवळपास मिळेलच असं नाही. प्लायवुडचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते इतकं हलत नाही. शिकागोच्या के कंपनीने १९३० च्या दशकाअखेरपासून प्लायवुडचे बेस काढले आणि स्विंगच्या बँडांतल्या असंख्य वादकांनी तेच बसमधून, धुळीतून, जिन्यांवरून नेले. जॅझच्या कानाला प्लायवुडचा ठोसेबाज, चटकन विझणारा सूर परका नाही. मधला मार्ग म्हणून छाती कोरीव आणि पाठ प्लायची असा 'हायब्रिड' मिळतो. खिसा परवानगी देत असेल तर तोही चांगला.

फिंगरबोर्ड मात्र नीट बघून घ्या. तो एबनीचा असावा, शिसवीचाही चालतो. स्वस्त बेसला मऊ लाकडाला काळा रंग फासून एबनी म्हणून विकतात. रुमाल ओला करून घासला की कळतं. ज्या शहरात शिसवीवर जडावाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, तिथल्या कारागिराला दाखवलंत तर तो एका नजरेत सांगेल.

पण खरी गंमत वाद्य घरी आल्यानंतर सुरू होते. नव्या स्वस्त बेसची घोडी बहुधा फार उंच असते. तारा इतक्या वर की संध्याकाळपर्यंत डाव्या हाताच्या बोटांची सालं निघतात आणि माणूस म्हणतो, हे आपलं काम नव्हे. सेटअप करणारा घोडीच्या पायांत छोटी फिरणारी चाकं बसवतो, ती फिरवून तारांची उंची कमी-जास्त करता येते. फिंगरबोर्डच्या टोकाशी 'जी' तार साधारण सहा मिलिमीटर आणि 'ई' नऊच्या आसपास असली की पोलादी तारांवर जॅझ वाजवायला बरं पडतं. दमट दिवसांत पोट फुगतं, तारा वर जातात. कोरड्या दिवसांत खाली बसतात. चाकं त्यासाठीच. आणि एक न दिसणारी गोष्ट: घोडीच्या एका पायाच्या जवळ, पोटाच्या आत, छाती आणि पाठ यांच्यामध्ये एक लाकडी खुंट उभा असतो. साउंडपोस्ट. तो डिंकाने चिकटवलेला नसतो, तारांच्या ताणाने दाबून धरलेला असतो. म्हणून सगळ्या तारा एकदम उतरवायच्या नाहीत. पोस्ट पडला की वाद्य मुकं, आणि एफच्या आकाराच्या भोकातून वाकडी सळई घालून तो उभा करणं ही एक स्वतंत्र कला आहे. चारही तारांचा ताण मिळून शंभर किलोच्या वर जातो, हे लक्षात ठेवलं की हे सगळं का करायचं ते कळतं.

तारांचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. पूर्वी तारा प्राण्यांच्या आतड्यांच्या. जिमी ब्लँटन १९३९ साली ड्यूक एलिंग्टनकडे आला, तेव्हा बेसला सोलोचं वाद्य म्हणून जगाने पहिल्यांदा गंभीरपणे ऐकलं; क्षयाने तो १९४२ साली, तेवीस वर्षांचा असताना गेला. ते वाजवणं आतड्याच्या तारांवरचं, उंच घोडीवरचं. नंतर व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीच्या 'स्पिरोकोर'सारख्या पोलादी तारा आल्या. सूर लांब टिकू लागला, घोडी खाली आली, बोटं धावू लागली. बेसवादक स्कॉट लाफारोने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये पियानोवादक बिल इव्हान्सबरोबर जे वाजवलं, ते ऐकताना बेसवर बोटं किती धावू शकतात ते कळतं. त्यानंतर अकराव्या दिवशी तो मोटार अपघातात गेला. आज सुरुवात करणाऱ्याने पोलादी किंवा सिंथेटिक तारा घ्याव्यात, त्यांतली मऊ जात. आतड्याच्या तारांचा सूर मोहात पाडतो, पण त्या ओलाव्यात सुरात राहत नाहीत आणि वर्षाला खर्च लावतात.

पिकअप आणि ॲम्प्लिफायर शेवटी. वॉटेजच्या आकड्यांवर लोक महिनोन्‌महिने वाद घालतात, आणि ते मला जरा हास्यास्पद वाटतं. घोडीखाली बसणारा पीझो पिकअप लाकडाचा ठोका पकडतो, सूर कमी. त्याला दहा मेगाओहमपर्यंतचा मोठा इनपुट रोध लागतो, नाहीतर आवाज टिनपाटी येतो. म्हणून मध्ये प्रीॲम्प. बेसचं पोट हवेने भरलेलं पोकळ पेटारं. आवाज वाढवला की तेच पोट स्पीकरला उत्तर देऊ लागतं आणि खोली घुमते. हे टाळायला तळाचे अनावश्यक स्वर कापणारा हाय-पास फिल्टर हवा. एवढं असलं की लहान, हलका ॲम्प पुरतो. जॅझ बेसवादक रे ब्राउनचा मोठा सूर ॲम्पमधून आला नाही. उजव्या हाताची तर्जनी कडेने, जवळजवळ पूर्ण लांबीने तारेवर ठेवून, खांद्याचं वजन तिच्यात उतरवून तो आला. ही गोष्ट विकत मिळत नाही, आणि प्लायवुडवरही शिकता येते.

डाव्या हाताला फ्रान्झ सिमांडलची जुनी पद्धत धरावी: खालच्या जागांवर पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तिसरं चौथ्याला आधार. पडदे नाहीत, म्हणून कानच पडदा. गज जॅझसाठी लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. छेडलेला सूर चटकन विझतो, त्यामुळे बेसुरेपणा लपतो; गजाने तो लांबवला की सगळं उघडं पडतं. रोज दहा मिनिटं गजाने उघड्या तारा आणि त्यांच्या शेजारचे सूर लावले, तर महिन्याभरात छेडण्यातही फरक ऐकू येतो.

शिकायचं तर ऐकायलाही हवं. १९५८ साली अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची चौकडी मुंबईत वाजली तेव्हा बेसवर युजीन राइट होता. १९७८ पासून निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जॅझ यात्रा' भरू लागली, धोबी तलावाच्या रंगभवनात खुल्या आभाळाखाली, आणि परदेशी वादकांबरोबर डबल बेसही मुंबईकरांसमोर पुन्हा उभा राहिला. म्हैसूरहून असं काही ऐकायचं तर आजही बेंगळुरू गाठावं लागतं, दीडशे किलोमीटर. आणि वाजवायला जायचं, तर आधी गाडीत मागची आसनं खाली पडतात का ते बघा, मगच तारीख कबूल करा.