व्याकरण चालवणारे यंत्र

“व्याकरण चालवा” असा प्रश्न आला की पोरांच्या पोटात गोळा येतो. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या विचारीत आल्या आहेत, “याचा उपयोग काय?” मराठीचा अध्यापक म्हणून मीही पुष्कळ उत्तरे दिली. त्यांतले सर्वांत खणखणीत उत्तर मला मिळाले ते मात्र संगणकाच्या शास्त्रात. खारदांड्याच्या होड्यांकडे पाहिले की ते चटकन उमजते.

दांड्याचा तांडेल आता केवळ वाऱ्यावर नि ताऱ्यांवर विसंबत नाही; त्याच्या मदतीला यंत्रे आली आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला मच्छीमार नौकांसाठी इस्रोने घडवलेल्या संदेशयंत्रांची देशव्यापी योजना सुरू झाली. ठरलेली संख्या १ लाख. संकटात उपग्रहामार्फत किनाऱ्याला हाक मारता यावी, हा हेतू.

अशा छोट्या यंत्रांच्या पोटात नखाएवढा संगणक असतो. त्याची कामाची स्मृती कित्येकदा अवघी ६४ किलोबाइट! तेवढ्यात दोन बिऱ्हाडे : एक कायमच्या नोंदींचे, दुसरे तात्पुरत्या कामांचे. या दुसऱ्याला ‘स्टॅक’ म्हणतात. काम वाढले की तो फुगतो, संपले की आटतो.

आता होडी डोळ्यांसमोर आणा. मासळीचा ढीग सामानाच्या बाजूला रचला, तर वाढता वाढता तो सामानावर चढेल आणि कोणाच्या ध्यानातही येणार नाही. तोच काठाच्या बाजूला रचला, तर पहिली मासळी पाण्यात पडताच तांडेल ओरडेल. पुष्कळ चिपांत स्टॅकची नेहमीची रचना पहिल्या तऱ्हेची. तो हद्द ओलांडून नोंदी मुकाट्याने बिघडवतो. बर्लिनच्या फेरस सिस्टिम्सने २०२० मध्ये काढलेले ‘फ्लिप-लिंक’ हे साधन ढिगाची जागा पालटते; मग हद्द ओलांडताच चिप स्वतःच बोंब मारते.

जागा पालटायची तर आधी जागा किती, हे कळायला हवे. ते लिहिलेले असते ‘लिंकर स्क्रिप्ट’ नावाच्या चिठ्ठीत. कार्यक्रमाचे सुटे तुकडे सांधणारा तो लिंकर. आपल्या भाषेत संधी करणारा म्हणा ना! चिठ्ठीतले वाक्य साधेच : स्मृतीचा आरंभ अमुक, लांबी तमुक.

पण लिहिणारे माणूसच! कोणी ‘ओरिजिन’ पूर्ण लिहितो, कोणी ‘ऑर्ग’, कोणी नुसता ‘ओ’. लिंकरला तिन्ही चालतात. कोणी ६४ न लिहिता ३२ अधिक ३२ अशी बेरीज मांडतो. कोणी जुनी ओळ टीप म्हणून तशीच राहू देतो. केवळ ठरावीक शब्द हुडकणारे साधन इथे फसते : बेरीज पाहून अडते किंवा रद्द ओळ खरी मानते. म्हणून अशा साधनात सुधारणा करायची, म्हणजे त्याला ओळीचे व्याकरण चालवायला शिकवायचे. नाव कोणते, गुणधर्म कोणता, आकडा कुठे संपतो, टीप कुठे सुरू होते, हे सारे पृथक् करायचे. आमच्या वाक्यपृथक्करणाचाच हा सख्खा भाऊ.

यात पांडित्य मिरवण्यासारखे काहीच नाही. वाक्य नीट फोडले तर पहारा जागा राहतो. चुकीचे फोडले तर पहारेकरी भलत्याच दारावर उभा. आणि भर समुद्रात मुके पडलेले यंत्र तांडेलाच्या काय कामाचे? पोरांनी पुन्हा उपयोग विचारला, तर मी त्यांना दांड्याच्या बंदरावर घेऊन जाणार आहे.