सिकलसेल : भरती झालेल्या रुग्णाचा धोका आधी ओळखता येतो का?

पांढुर्णा जिल्ह्यातल्या सौंसर तालुक्यात रामाकोना आहे. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी, आणि दुखणे बळावले की धाव नागपूरला, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत. या पट्ट्यातल्या अनेक घरांत ‘सिकलसेल’ हा शब्द सर्दी-तापाइतका ओळखीचा आहे. अमेरिकेत मात्र सुमारे एक लाख रुग्ण असलेला हा आजार दुर्मीळ गणला जातो. मध्य भारतातले सिकलसेलचे प्रमाण शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते. गोंड आदिवासींत हा आजार आहेच, विदर्भातल्या अनुसूचित जातींत आणि इतर मागास वर्गांतही आहे.

आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आला की मूल रुग्ण होते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते, बिघाड एवढाच. पण ऑक्सिजन सुटला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कांड्या बनवते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हाडे असह्य दुखू लागतात. बहुतेक रुग्ण या दुखण्यासाठीच भरती होतात आणि सलाईन, वेदनाशामके घेऊन काही दिवसांत घरी जातात.

काही मात्र वॉर्डातच अचानक ढासळतात, आणि खरी अडचण तिथे आहे. छातीत दुखते, ताप चढतो, ऑक्सिजन घटतो, एक्स-रेमध्ये फुप्फुसावर नवा डाग दिसतो. याला ‘अक्यूट चेस्ट सिंड्रोम’ म्हणतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात याचे 671 प्रसंग तपासले गेले. जवळजवळ निम्मे रुग्ण दुसऱ्याच तक्रारीसाठी, मुख्यतः दुखण्यासाठी, आलेले होते आणि छातीची लक्षणे सरासरी अडीच दिवसांनी उमटली. 13 टक्क्यांना व्हेंटिलेटर लागला. म्हणजे पहिल्या दिवशी साधा वाटणारा रुग्ण तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात असू शकतो. ते अडीच दिवस हाती असतानाच धोका ओळखायला हवा.

त्याचे प्रयत्न जुने आहेत. 1994 मध्ये प्लॅट आणि सहकाऱ्यांनी 3,764 रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले की मूत्रपिंड निकामी होणे, झटके येणे, पूर्वी चेस्ट सिंड्रोम होऊन जाणे, पांढऱ्या पेशी सतत जास्त असणे आणि गर्भातल्या बाळात असते ते (फीटल) हिमोग्लोबिन कमी असणे ही लवकर मृत्यूची चिन्हे आहेत. 2007 मध्ये सेबास्टियानींच्या गटाने अशा अनेक चिन्हांना एकत्र गुंफणारे संगणकी प्रारूप बनवले. फ्रान्समधल्या डॉक्टरांचा ‘प्रेसेव्ह’ गुणांक तर चेस्ट सिंड्रोमचा धोका ओळखायला चारच गोष्टी पाहतो: पांढऱ्या पेशी, रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी), हिमोग्लोबिन आणि मणक्यात किंवा ओटीपोटाच्या हाडांत दुखते का. मला हा साधेपणा मोलाचा वाटतो, कारण याला लागणाऱ्या रक्ततपासण्या साध्या आहेत आणि उरलेला प्रश्न रुग्णालाच विचारायचा आहे.

पण परदेशी गुणांक इथे जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे बहुतेकांत ‘अरब-भारतीय’ जनुकप्रकार आढळतो. त्यात फीटल हिमोग्लोबिन जास्त टिकते आणि प्लीहाही पुष्कळांत मोठ्या वयापर्यंत शाबूत राहते. त्यामुळे प्रारूपाने कोण जास्त धोक्यात हे बरोबर सांगितले, तरी धोका किती याचा आकडा चुकू शकतो. शिवाय रुग्णालयात होणारे मृत्यू सुदैवाने थोडे. थोड्या मृत्यूंवर डझनभर निकष शिकवलेले प्रारूप त्या ठराविक रुग्णांनाच पाठ करते आणि नवा रुग्ण आला की फसते. आपल्या रुग्णांच्या नोंदींवर तपासल्याशिवाय असा आकडा वॉर्डात वापरणे मला धोक्याचे वाटते.

यापेक्षाही मोठी उणीव वेगळीच आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन अनेकदा एरवीच सात-आठ ग्रॅम असते. सहा आले तर घाबरायचे की नाही, हे त्याचा नेहमीचा आकडा माहीत असल्याशिवाय ठरत नाही. एरवी साडेआठ असणाऱ्याचे सहा आणि एरवी साडेसहा असणाऱ्याचे सहा यांचा अर्थ सारखा नाही. ऑक्सिजनचेही तसेच. आणि नेहमीचे आकडे नागपूरच्या फाइलमध्ये, तर रात्रीची भरती राज्याच्या सीमेअलीकडे, असे झाले तर कोणतेही प्रारूप आंधळेच.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आणि निर्मूलनासाठी 2047 ची मुदत ठरली. तपासणी हवीच. पण ज्यांचा आजार आधीच कळला आहे, त्यांच्या सिकलसेल कार्डावर बरे असतानाचे हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि ऑक्सिजन लिहिले जावेत, पूर्वीचा चेस्ट सिंड्रोम आणि हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा डोसही. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर पुढच्या तपासणीला हे आकडे डॉक्टरांकडून मागून घ्या, आणि भरतीच्या वेळी कार्ड सोबत न्या. दुखण्यासोबत ताप, खोकला किंवा धाप असेल तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा.