परतीच्या बोलीवर

आयात शुल्काच्या मुळाशी एक साधे गृहीत असते, ते म्हणजे परदेशातून आलेली वस्तू येथेच विकली जाईल, वापरून संपेल किंवा निदान येथेच राहील. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत आणला, तो या गृहीतात चपखल बसत होता, कारण तो मुंबईत राहण्यासाठीच आला होता. परंतु तीन आठवड्यांच्या चित्रीकरणासाठी येऊन निघून जाणाऱ्या परदेशी पथकाचे कॅमेरे, दिवे, पोशाख आणि नेपथ्याचे सामान देशात येते खरे, पण ते राहत नाही आणि विकलेही जात नाही. अशा पाहुण्या मालावर पूर्ण शुल्क आकारणे अन्यायाचे, आणि त्याला निव्वळ शब्दावर आत सोडणे धोक्याचे, कारण पाहुणा म्हणून आलेला माल गुपचूप बाजारात जाऊ शकतो. या दोन्हींच्या मधून काढलेल्या वाटेला सीमाशुल्काच्या परिभाषेत ‘तात्पुरती आयात’ म्हणतात. ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरता आणि आहे त्या स्थितीत परत नेण्याच्या बोलीवर, शुल्क न घेता दिलेला प्रवेश असा तिचा अर्थ आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना अगदीच परकी नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईच्या वेशीवरची जकात बंद झाली. तोपर्यंत ही जकात शहराच्या हद्दीत उपभोग, वापर किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर होती, शहरातून केवळ पार होणाऱ्या मालावर नव्हती. चित्रपटाच्या सामानाची अडचण मात्र याहून गुंतागुंतीची आहे, कारण ते नुसते पार होत नाही. ते उतरते, खोक्यांतून बाहेर निघते, महिनाभर वापरले जाते आणि मग परत जाते. म्हणूनच ते परत जाईल याची हमी सरकारला आधीच हवी असते.

ही हमी देण्याचा जुना मार्ग म्हणजे प्रत्येक देशात स्वतंत्रपणे अनामत रक्कम, बँक हमी किंवा बंधपत्र देणे. भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील कलम १४३ नुसार असे बंधपत्र घेऊन माल सोडता येतो. दुसरा मार्ग शुल्क भरून टाकण्याचा आणि माल परत नेताना त्याचा परतावा मागण्याचा आहे. कलम ७४ प्रमाणे, शुल्क भरल्यापासून दोन वर्षांच्या आत ओळख पटवून माल परत निर्यात केला आणि तो मधल्या काळात वापरलेला नसेल, तर ९८ टक्के शुल्क परत मिळते. चित्रीकरणाला आणलेला माल न वापरलेला असणे शक्यच नाही, म्हणून त्याला वापरलेल्या मालाचे उतरते दर लागू पडतात. तीन महिन्यांपर्यंत ९५ टक्के, सहा महिन्यांपर्यंत ८५ टक्के, असे ते घसरत जाऊन अठरा महिन्यांनंतर शून्यावर येतात. हे दर ठरवणाऱ्या १९६५ च्या अधिसूचनेत, वापरल्यावर ज्यांचा परतावा मुळीच मिळत नाही अशा वस्तूंची एक छोटी यादी आहे आणि ती चित्रपटवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. चहाची खोकी आणि क्ष-किरणांच्या फिल्म यांच्या शेजारी त्या यादीत अंगावर घालायचे कपडे आहेत, कोरी छायाचित्रण फिल्म आहे आणि सेन्सॉर मंडळाने संमत केलेल्या चित्रपटांच्या फितीही आहेत. यादीचा शब्दशः अर्थ लावला, तर या मार्गाने आलेल्या कॅमेऱ्याचे शुल्क बऱ्याच अंशी परत मिळेल, पण नायिकेच्या पोशाखांच्या पेट्यांचे मिळणार नाही.

प्रत्येक सीमेवर नवी अनामत आणि नवे अर्ज हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या व्यापाराला परवडणारा नव्हता. १९५६ मध्ये व्यापारी नमुन्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यापाठोपाठ १९६१ हे वर्ष या विषयात निर्णायक ठरले. त्या वर्षी जूनमध्ये ब्रुसेल्स येथे झालेल्या करारात व्यावसायिक साहित्याच्या तात्पुरत्या आयातीला मान्यता मिळाली आणि त्याच्या तीन परिशिष्टांपैकी एक पूर्णपणे चित्रपटाच्या साहित्याला दिले गेले. डिसेंबरमध्ये त्याच शहरात ‘एटीए कार्ने’ या दस्तऐवजाचा करार झाला, जो १९६३ मध्ये अमलात आला. तात्पुरता प्रवेश या अर्थाच्या फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे एकत्र करून ‘एटीए’ हे नाव घडले आहे, आणि कार्ने म्हणजे फ्रेंचमध्ये लहान वही. १९९० च्या इस्तंबूल करारात हे विखुरलेले नियम एका छत्राखाली आणले गेले. चित्रीकरणाच्या साहित्याच्या नमुनायादीत कॅमेरे, तिपाया आणि दिवे यांच्याबरोबर वाद्ये, पोशाख, नेपथ्य आणि रंगमंचीय वस्तूही आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कार्नेची खरी युक्ती हमीच्या साखळीत आहे. प्रत्येक सदस्य देशात एक संस्था कार्ने देते आणि हमीही घेते. भारतात हे काम फिक्की ही उद्योग-व्यापार महासंघाची संस्था करते. मुंबईच्या निर्मात्याने फिक्कीकडे अर्ज, शुल्क आणि तारण दिले की ती संस्था त्याला कार्ने देते, आणि त्याने जिनिव्हाला नेलेला माल परत निघाला नाही तर तेथील सीमाशुल्क खाते त्या निर्मात्याच्या मागे मुंबईपर्यंत धावत नाही. ते स्वित्झर्लंडमधील हमीदार संस्थेकडून वसुली करते, ती संस्था फिक्कीकडून, आणि फिक्की निर्मात्याच्या तारणातून. परक्या देशाला परक्या माणसावर विश्वास ठेवावा लागत नाही, स्वतःच्याच संस्थेवर ठेवावा लागतो, आणि हीच व्यवस्था जवळपास ऐंशी देशांत चालते. मात्र कोणत्या कामासाठी कार्ने स्वीकारायचा हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. भारताने दीर्घकाळ तो मुख्यतः प्रदर्शने आणि मेळे यांच्यासाठी स्वीकारला, आणि चीनने व्यावसायिक साहित्याला तो २०१९ मध्ये लागू केला. म्हणून ‘कार्ने आहे’ एवढ्यावर विसंबून विमानात बसणे शहाणपणाचे नसते.

वहीचे स्वरूप जुन्या सरकारी दप्तराची आठवण करून देणारे आहे. हिरव्या मुखपृष्ठाच्या आत पिवळी, पांढरी आणि निळी पाने असतात. पिवळी पाने स्वदेशातून बाहेर पडताना आणि परत येताना वापरायची, पांढरी परदेशात शिरताना आणि तेथून निघताना, आणि निळी एखाद्या देशातून केवळ पार होताना. प्रत्येक पानाचा एक भाग, म्हणजे व्हाउचर, अधिकारी फाडून घेतो आणि स्थळप्रतीवर शिक्का मारून ती वहीतच ठेवतो. एका देशाच्या साध्या वारीला असे चार शिक्के लागतात. वही जास्तीत जास्त एक वर्ष चालते, पण परदेशातील अधिकारी माल परत नेण्याची तारीख त्याहून अलीकडची घालू शकतो आणि मग तीच खरी मुदत ठरते.

या सगळ्याचा कणा म्हणजे वहीतील सर्वसाधारण यादी. तिच्यात प्रत्येक वस्तूचे वर्णन, संख्या, वजन, किंमत आणि मूळ देश नोंदवावा लागतो, आणि वही एकदा दिली गेली की यादीत एका लेन्सचीही भर घालता येत नाही. यादीतील वस्तूंपैकी काहीच वस्तू नेणे चालते. यादीबाहेरची एकही नेणे चालत नाही. कॅमेरा विभागाला ही शिस्त फारशी जड जात नाही, कारण कॅमेऱ्याच्या अंगावर, लेन्सवर, ध्वनिमुद्रकावर कारखान्याचा क्रमांक कोरलेला असतो, आणि परतीच्या वेळी अधिकाऱ्याने तो यादीशी ताडून पाहिला की ओळख पटते.

चित्रपटाच्या भाषेत ज्यांना ‘प्रॉपर्टी’ म्हणतात (येथे हा शब्द स्थावर मालमत्तेच्या अर्थाने नाही), त्या पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंची गोष्ट निराळी आहे. पितळी समई, फायबरची तलवार, नकली मोत्यांचा तन्मणी, जुन्या वळणाची ट्रंक यांच्यावर कोणताही क्रमांक नसतो. प्रॉपर्टी हाताळणाऱ्या माणसाचे कौशल्यच वस्तू जशी नाही तशी ती दाखवण्यात असते; फायबरचे लोखंड वाटले पाहिजे, खोट्या दागिन्याने खऱ्याचा आब राखला पाहिजे. सीमाशुल्काच्या टेबलावर हेच कौशल्य अडचणीचे होते, कारण तेथे प्रत्येक वस्तूने आपण नेमके काय आहोत ते सांगायचे असते. म्हणून अनुभवी कला विभाग यादीत ‘तलवार, १ नग’ असे न लिहिता साहित्य, लांबी, रंग आणि ‘चित्रीकरणासाठीची प्रतिकृती’ असे तपशीलवार लिहितो, वस्तूवर पुसला न जाणारा क्रमांक घालतो आणि छायाचित्रे सोबत ठेवतो. दागिन्यांच्या बाबतीत खोट्याचे खोटेपण सिद्ध करणे हे कधी कधी खऱ्याचे खरेपण सिद्ध करण्याइतकेच कष्टाचे असते.

प्रॉपर्टीची दुसरी अडचण अशी की तिच्यातील बराच भाग मोडण्यासाठीच जन्माला येतो. तात्पुरत्या आयातीत वापरामुळे होणारी नेहमीची झीज चालते. पोशाखाला चिखल लागला किंवा बाही उसवली तर तक्रार नसते. पण वापरून संपणाऱ्या वस्तू या सवलतीत येतच नाहीत. फोडण्यासाठी बनवलेल्या नकली काचेच्या बाटल्या, खोटे रक्त, धुराची रसायने आणि पथकाचे खाद्यपदार्थ यांचे शुल्क भरावे लागते, किंवा त्या तेथेच विकत घ्याव्या लागतात. एखादी वस्तू अपघाताने नष्ट झाली, तर तिचे शुल्क भरणे, ती सरकारजमा करणे किंवा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ती नष्ट करणे, असे मार्ग करारात आहेत. परंतु पटकथेतच जिचा स्फोट लिहिलेला आहे अशा मोटारीला अपघातग्रस्त म्हणता येत नाही.

कार्नेविषयीचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे तो सर्व बंदी उठवणारा परवाना आहे, असे समजणे. कार्ने फक्त शुल्काचा प्रश्न सोडवतो. शस्त्रे, वन्यजीव, बिनतारी यंत्रणा यांच्यावरचे निर्बंध जसेच्या तसे राहतात. याचे बहुचर्चित उदाहरण ऑक्टोबर २०११ मधील आहे. ब्रॅड पिट यांच्या ‘वर्ल्ड वॉर झी’ या चित्रपटासाठी बुडापेस्टला आणलेली ८५ शस्त्रे हंगेरीच्या दहशतवादविरोधी दलाने जप्त केली. कागदपत्रांत ती निकामी केलेली असल्याचे म्हटले होते, पण ती पुन्हा चालू करता येण्याजोगी आहेत असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. पुढे हे प्रकरण आरोपांविना मिटले, तरी हा धडा शस्त्रविभाग अजून विसरलेला नाही. भारतात येणाऱ्या पथकांसाठी ड्रोन हा असाच विषय आहे. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीला बंदी आहे आणि संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांचाच तिला अपवाद आहे, त्यामुळे आकाशातून दृश्य टिपायचे तर ड्रोन आणि चालक येथूनच घेणे सोयीचे पडते. वॉकीटॉकी आणि उपग्रह दूरध्वनी यांना दूरसंचार खात्याची वेगळी परवानगी लागते. हस्तिदंती मुठीची काठी, कासवाच्या कवचाची फणी किंवा दुर्मीळ लाकडाचे वाद्य पडद्यावर कितीही शोभले, तरी संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना नसेल तर ते विमानतळावरच अडकते. परदेशी निर्मात्यांना अशा परवानग्यांची वाट दाखवण्यासाठी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात २०१५ मध्ये चित्रपट सुविधा कार्यालय सुरू झाले.

युरोपात चित्रीकरण करणाऱ्या मराठी-हिंदी निर्मात्यांच्या दृष्टीने एक बदल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. युरोपीय संघ सीमाशुल्कासाठी एकच प्रदेश मानला जातो, म्हणून पॅरिसहून प्रागला जाताना वही उघडावी लागत नाही. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून या प्रदेशाबाहेर गेले, आणि लंडनमध्ये चार दिवस काम करून पॅरिस गाठणाऱ्या पथकाला पूर्वी जेथे थांबावे लागत नव्हते तेथे आता पांढरी पाने खर्ची घालावी लागतात. मर्यादित खर्चाचे मराठी चित्रपट कॅमेरे आणि दिवे परदेशातच भाड्याने घेऊन पोशाख आणि प्रॉपर्टी तेवढी इथून नेत असतील, तर हा हिशेब आर्थिकदृष्ट्या बरोबरच आहे. पण त्यातून ओळखायला सोपे सामान घरी राहते आणि ओळखायला अवघड तेवढे प्रवासाला निघते.

व्यवहारात माल बुडवण्यापेक्षा शिक्का राहून जाण्याचे प्रकार अधिक घडतात. शेवटच्या रात्रीचे काम लांबते, पथक पहाटे विमानतळावर पोहोचते, पेट्या थेट विमान कंपनीच्या ताब्यात दिल्या जातात आणि सीमाशुल्काच्या खिडकीवर जायचे राहते. माल मुंबईला सुखरूप पोहोचतो, पण कागदोपत्री तो परदेशातच असतो. स्वदेशी परत आल्याची पिवळी नोंद अशा वेळी पर्यायी पुरावा म्हणून उपयोगी पडते, आणि काही देश त्यावर नियमितीकरणाचा आकार घेऊन प्रकरण मिटवतात. तीही नोंद नसेल, तर आयात शुल्क आणि कर, आणि त्यांवर १० टक्क्यांपर्यंत अधिक रक्कम, अशी मागणी हमीदार संस्थेकडे येऊ शकते. ही मागणी करण्यास परदेशी खात्याला वहीची मुदत संपल्यापासून एक वर्ष मिळते, आणि त्यानंतर पुरावा देण्यासाठी हमीदार संस्थेला सहा महिने. तेवढ्या काळात चित्रपट प्रदर्शित होऊन दूरचित्रवाणीवरही येऊन गेलेला असतो, त्या चित्रपटापुरते जमलेले कार्यालय बंद झालेले असते, निर्मिती व्यवस्थापक दुसऱ्या कामावर गेलेला असतो, आणि शिक्क्यांच्या स्थळप्रती कोणाच्या कपाटात आहेत याचा शोध तेव्हा सुरू होतो.